चुंबकाला चिकटणारं स्टील वाईट नसतं

पुण्यातल्या खराडीच्या आयटी कंपन्यांमधली कितीतरी मुलंमुली शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याची वाट धरतात. त्यांच्या सॅकमध्ये हल्ली घडीचा चाकू असतो आणि तो घेण्याआधी पातं डी-२ ग्रेडच्या स्टीलचं की ४४०-सीचं यावर बराच खल होतो. या चर्चेत काही समजुती अशा घट्ट बसल्या आहेत की त्यामुळे पैसे वाया जातात.

सर्वांत जुनी समजूत भांड्यांच्या दुकानातून आलेली आहे : चुंबक चिकटलं की स्टील हलकं. भांड्यांच्या ३०४ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्याची अंतर्गत रचना अशी होते की चुंबक त्याला धरत नाही. पण त्याच रचनेमुळे ते कितीही तापवून बुडवलं तरी कडक होत नाही आणि मऊ पातं धार धरत नाही. म्हणून चाकूच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं, कार्बन जास्त असतो आणि पाणी दिलं, म्हणजे तापवून बुडवलं, की ते कडक होतं. असं पातं चुंबकाला चिकटणारच. थोडे अपवाद सोडले, तर न चिकटणाऱ्या पात्याचीच शंका घ्यावी.

स्टेनलेस कधीच गंजत नाही, हेही खरं नाही. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो गंज रोखतो. मीठ या थराला भोकं पाडतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा लोणच्याची फोड कापून तसंच मिटून ठेवलेलं पातं डागाळतं. डी-२ मध्ये क्रोमियम सुमारे १२ टक्के असूनही ते पुरतं स्टेनलेस मानत नाहीत. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो. तो बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या कणांत अडकवून ठेवतो आणि संरक्षक थरासाठी कमी उरतं.

जितकं कठीण तितकं उत्तम, असं मानणारेही पुष्कळ. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विस चाकूचं पातं कठिणपणाच्या रॉकवेल सी मापावर ५५-५६ भरतं, तर एस-३० व्ही स्टीलचं साधारण ५८ ते ६१. दुसऱ्याची धार नक्कीच जास्त टिकते. पण पातं पिरगाळलं गेलं तर तिचा कपचा उडण्याची भीतीही जास्त. शिवाय त्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण धार लावायच्या साध्या दगडापेक्षा कठीण असतात. बोथट झाल्यावर त्यासाठी हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. त्यामानाने मऊ पातं साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत तयार होतं.

पण सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे ग्रेडचं नाव कळलं की पातं कळलं. खराडीहून नदी ओलांडली की मुंढव्यात १९६१ मध्ये स्थापन झालेली भारत फोर्ज आहे. तिथल्या किंवा भोसरीच्या कुठल्याही हीट ट्रीटमेंटवाल्याला विचारा : एकच स्टील किती तापवलं, कसं थंड केलं आणि नंतर किती तापमानावर पुन्हा तापवून टेंपर केलं यावर कठिणपणा आणि चिवटपणा ठरतो. नीट पाणी दिलेलं साधं ४२०-एचसी हे घाईत उरकलेल्या डी-२ पेक्षा चांगलं चालतं. धारेचा कोन आणि पात्याची जाडी यांचाही कापण्यात मोठा वाटा असतो. तयार पातंही बिघडवता येतं. कोरड्या ग्राइंडरवर दाबून धरल्याने ते निळं पडलं, तर त्या जागेचं पाणी उतरलं समजावं.

नागमोडी नक्षीचं 'दमास्कस' पातं सुंदर दिसतं, पण आज बाजारात मिळणारं बहुतेक दोन स्टीलचे थर जोडून, घडवून आणि आम्लाने नक्षी उठवून केलेलं असतं. दक्षिण भारतातल्या मुशीत वितळवलेल्या जुन्या वूट्झ पोलादाशी त्याचा संबंध नाही. नक्षीवरून धारेचा अंदाज बांधू नये.

पहिला चाकू घेत असाल तर नावाजलेल्या कंपनीचं मध्यम कठिणतेचं स्टेनलेस पातं घ्या. पात्याचा रॉकवेल आकडा आवर्जून विचारा. आणि महागडी ग्रेड न घेतल्याने वाचलेल्या पैशांत धार लावायचा एक चांगला दगड नक्की घ्या.