घाटवाटांवर हॅम रेडिओ

मोबाइलची रेंज गेली की ताफ्यातली मागची गाडी कुठे रुतली, हे पुढच्याला कळत नाही. म्हणून ऑफ-रोडिंगवाले हॅम रेडिओकडे वळतात. पण आधी परवाना! वॉकी-टॉकी ऑनलाइन स्वस्तात मिळाला, म्हणून तो वाटेल तसा वापरता येत नाही. वय किमान 12 वर्षे हवे आणि केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. नवख्याने ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीची द्यावी, तिला मोर्स कोडची अट नाही. परवान्याबरोबर स्वतःचे कॉल साइन मिळते.

गाड्यांसाठी 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा. हातातला 5 वॅटचा संचही पुरतो, खरी मेख अँटेनात आहे. बंद गाडीत बसून बोललात, तर बरीचशी ताकद पत्र्यातच अडते. तोच संच टपाच्या मधोमध बसवलेल्या, साधारण अर्ध्या मीटरच्या अँटेनाला जोडा, फरक लगेच ऐकू येतो. संचाला गाडीच्या बॅटरीवरून वीज देत असाल, तर त्या तारेला फ्यूज मात्र विसरू नका.

या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सह्याद्रीत मध्ये डोंगराची सोंड आली, की 50 वॅटचा संचही मुका होतो. अशा वेळी एक गाडी खिंडीत थांबवावी, तिने दोन्हीकडचे निरोप पोचवावेत.

एवढी दगदग नको असेल, तर 27 मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड आहे. तो 5 वॅटपर्यंत परवानामुक्त आहे. पैसे घेऊन सफरी काढणाऱ्यांनी तर हॅमच्या वाटेला जाऊच नये, त्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही.