आग विझल्यानंतर

वसंतातल्या या व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींना विषयांची विविधता नवी नाही. तरीसुद्धा अमेरिकेतल्या भाजलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिराविषयी एका कामगार कार्यकर्त्याने बोलावयास का उभे राहावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. आमच्या युनियनच्या एका सभासदाची नऊ वर्षांची मुलगी स्टोव्हच्या भडक्याने भाजली. हनुवटी, मान, छाती आणि उजवा हात. अशा वेळी युनियनने जे करावयाचे ते आम्ही सारे केले. गेटवर वर्गणी जमवली, रक्तदाते पाठवले, बापाची रजा मंजूर करून घेतली, औषधांची बिले भागवली. अडीच महिन्यांनी पोर घरी आली. मी वहीत जमाखर्च मांडला, उरलेली रक्कम बापाच्या हाती ठेवली, सही घेतली आणि पानाखाली रेघ मारली. माझ्या हिशेबी काम पुरे झाले होते.

तीन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या घरी गेलो. चहा घेताना सहज विचारले, "पोरगी कितवीत आहे आता?" बापाने मान खाली घातली. पोरगी आतल्या खोलीत होती आणि मी जाईपर्यंत बाहेर आली नाही. तिची शाळा केव्हाच सुटली होती. इस्पितळातून आल्यावर ती एकच दिवस वर्गात गेली. बाकावरची मैत्रीण उठून दुसरीकडे बसली. ही घरी आली ती पुन्हा गेली नाही. शेजारीपाजारी म्हणाले, आता तिला शिकवून काय करायचे? आईबापांनीही जोर धरला नाही. म्हणजे मी जिथे रेघ मारली, खरी गोष्ट तिथून पुढे सुरू झाली होती, आणि मला तिचा पत्ताही नव्हता.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. शाळेत फार शिकलेलो नाही. डॉक्टर मंडळींना गाठून, शब्दकोश जवळ ठेवून जे समजून घेतले तेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम भाजण्याविषयी. आपली कातडी दुपदरी असते. वरचा पातळ पदर भाजला तर काही दिवसांत नवा येतो आणि वणही राहत नाही. आतला जाड पदर खोलवर जळला तर मात्र ती जागा आपली आपण धड भरून येत नाही. मग मांडीची किंवा पाठीची पातळ कातडी काढून तिथे लावावी लागते. जखम भरते, पण वण उंच, लाल, टणक होतो आणि त्याला विलक्षण खाज सुटते. तो नरम पडावयास वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तो दबून राहावा म्हणून अंगाला घट्ट बसणारे लवचीक कपडे दिवसाचे सुमारे २३ तास घालावे लागतात. शिवाय लावलेल्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसल्यासारख्याच, त्यामुळे उन्हाळ्यात अंग निवत नाही. नव्या वणाला ऊन लागले की तो काळवंडतो.

मोठ्या माणसाचे हे हाल. मुलांचे याहून वेगळे. मूल वाढते, वण वाढत नाही. हात लांब होतो, पण कोपरातली वणाची कातडी तेवढीच राहते आणि हात आखडतो. मान वाढते, हनुवटी खाली ओढली जाते. म्हणून अशा मुलावर वाढीच्या वयात पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. म्हणजे एका क्षणाच्या भडक्याचा हिशेब दहा-दहा वर्षे चालू राहतो. आणि हीच वर्षे शाळेची, खेळाची, आरशात पाहण्याची असतात. रस्त्यात कोणी टक लावून बघतो, कोणी चटकन नजर वळवतो. मुलाला दोन्ही कळतात.

या दुखण्यावर औषध कोणते? त्याचे एक उत्तर कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटो शहरात सापडते. आणि ते शोधले ते एका कामगार संघटनेने. म्हणून मला त्याचे विशेष वाटते.

२४ सप्टेंबर १९७२ हा रविवार होता. तेथल्या विमानतळावर हवाई कसरतींचा कार्यक्रम चालू होता. खासगी मालकीचे एक जुने सेबर जातीचे लढाऊ जेट विमान परत निघताना धावपट्टीवरून नीट उठलेच नाही. ते रस्ता ओलांडून समोरच्या दुकानांवर जाऊन आदळले. तिथे फॅरेल्स नावाचे आइस्क्रीमचे दुकान होते. मुलांचे वाढदिवस जिथे होत, असे ते ठिकाण. त्या दिवशी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा एक संघही तिथे आला होता. विमानातल्या इंधनाने पेट घेतला. २२ माणसे मेली. त्यांतली १२ मुले होती. वैमानिक मात्र वाचला.

आग विझवावयास आणि माणसे बाहेर काढावयास गेलेल्या जवानांना त्या दिवशी एक गोष्ट फार लागली. एवढे मोठे शहर, राज्याची राजधानी; पण भाजलेल्यांवर उपचार करणारा स्वतंत्र विभाग शहरात एकाही इस्पितळात नव्हता. क्लिफ हॅस्केल हे त्या दलात कॅप्टन होते आणि तेथल्या अग्निशामक कामगारांच्या संघटनेच्या ५२२ क्रमांकाच्या शाखेचे अध्यक्षही होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ च्या अखेरीस 'फायरफायटर्स बर्न इन्स्टिट्यूट' ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी, १९७४ साली, सॅक्रामेंटोच्या विद्यापीठ-रुग्णालयात भाजलेल्यांचा विभाग सुरू झाला, त्यामागे या संस्थेचे बळ होते.

यासाठी पैसा कसा उभा राहिला, हे आपल्यासारख्या वर्गणी जमवणाऱ्यांनी ऐकण्याजोगे आहे. अमेरिका व कॅनडातल्या या कामगारांची मध्यवर्ती संघटना १९१८ साली स्थापन झाली. आज तिचे तीन लाखांहून अधिक सभासद आहेत. स्नायूंच्या असाध्य रोगाने ग्रासलेल्या मुलांसाठी ही संघटना १९५४ पासून मदत गोळा करीत आली आहे. तिची रीत अशी, की जवान चौकात उभा राहतो आणि पायातला मोठा रबरी बूट हातात धरून गाडीवाल्यांपुढे करतो. लोक त्यात नाणी आणि नोटा टाकतात. सॅक्रामेंटोच्या जवानांनी हाच बूट भाजलेल्यांसाठी पुढे केला.

इस्पितळातला विभाग झाला, माणसे वाचू लागली. पण पूर्वी दगावली असती अशी मुले वाचून घरी गेल्यावर त्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. माझ्या वहीतल्या रेघेपलीकडचा प्रश्न तो हाच. १९८० नंतर अमेरिकेत ठिकठिकाणी भाजलेल्या मुलांची उन्हाळी शिबिरे निघाली, त्यांतली कित्येक अग्निशामक जवानांच्या आधारावर उभी आहेत. सॅक्रामेंटोच्या संस्थेनेही असे शिबिर चालवले आहे. सहा ते सतरा वर्षांची मुले, एक आठवडा, आणि मुलांच्या आईबापांना खर्च काही नाही. त्याहून लहान मुलांसाठी कुटुंबासह वेगळा मेळावाही तिने भरवला आहे.

अशा शिबिरात चालते काय? बाहेरून पाहिले तर विशेष असे काहीच नाही. पोहणे, होडी वल्हवणे, नेमबाजी, हस्तकला, रात्री गाणी आणि सोंगे. अमेरिकेतल्या कोणत्याही शिबिरात हेच असते. पण एक पोहण्याचीच गोष्ट घ्या. एरवी पोहावयाचे म्हणजे सदरा काढावा लागतो आणि हे मूल चारचौघांत सदरा काढीत नाही. कडक उन्हातही लांब बाह्या घालते आणि काठावर बसून राहते. इथे मात्र पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाच्या अंगावर वण आहे. कोणी बघत नाही आणि कोणी नजरही वळवीत नाही. पहिल्या दिवशी काठावर बसलेले मूल तिसऱ्या दिवशी पाण्यात उतरते, यात चमत्कार काही नाही. त्याला सदरा काढण्याचे कारण मिळालेले असते आणि न काढण्याचे कारण उरलेले नसते.

सोबतीला तीन प्रकारची माणसे असतात. भाजलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आणि इतर जाणकार. कोणाला किती ऊन सोसेल, पाणी केव्हा पाजावे, कातडीला तेल केव्हा लावावे हे त्यांना ठाऊक असते. दुसरी, लहानपणी भाजलेली आणि आता मोठी झालेली माणसे. मुलाला त्यांच्यात आपले पुढचे वय दिसते: वण असलेला माणूस नोकरी करतो, संसार करतो, थट्टा करतो. पूर्वी शिबिरार्थी असलेली मुले मोठी होऊन इथे ताई-दादा म्हणून परत येतात. आणि तिसरे म्हणजे बंबवाले.

बंबवाल्यांचेच काम काय तिथे, असे वाटेल. थोडा विचार केला तर उलगडते. मुलाच्या आठवणीतला बंबवाला म्हणजे धुरातून आलेला, तोंडावर मुखवटा चढवलेला माणूस. आयुष्यातल्या सर्वांत वाईट क्षणाला तो जोडलेला. तोच माणूस आता शेजारी बसून पत्ते खेळतो आणि हरला तर चिडवून घेतो. रात्री शेकोटी पेटवावयाची झाली, तर ज्वाळा पाहून अंग चोरणाऱ्या मुलाजवळ कोण बसले आहे याला फार महत्त्व असते. आणि जवानाचेही पाहा. तो मूल बाहेर काढतो, रुग्णवाहिकेत देतो. दार बंद होते आणि पुढे त्याचे काय झाले हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. त्याच्याही वहीत तिथेच रेघ पडते. शिबिरात त्याला रेघेपलीकडचे पान वाचावयास मिळते.

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करू. भाजलेल्या मुलांना वेगळे काढून एकत्र ठेवणे म्हणजे त्यांना समाजातून तोडणे नव्हे काय? वर्षाचे ३५८ दिवस ते मूल वर्गात, गल्लीत, लग्नकार्यात एकटेच वेगळे असते. सात दिवस ते वेगळे नसते. तोडलेपण कोणत्या बाजूला आहे ते आपणच ठरवावे. दुसरा आक्षेप असा, की एका आठवड्याने काय होणार? फारसे होत नाही, हे कबूल केले पाहिजे. शिबिर म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे आणि शाळाही नव्हे. परत गेल्यावर तोच वर्ग, तीच गल्ली असते. म्हणून चांगल्या इस्पितळांतून मूल शाळेत परतण्यापूर्वीच एखादी परिचारिका त्या वर्गात जाते. काय झाले, वण कसे असतात, ते लागट नसतात, हे ती मुलांना सांगते. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. शिबिर आणि हे काम मिळून गाडा पुढे सरकतो.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. आग विझवणाऱ्या कामगाराने इस्पितळासाठी चौकात बूट का पसरावा? उपचार हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि युनियनचा माणूस म्हणून ते मी सोडून देणार नाही. पण विचार करता एवढे पटले, की उपचार हक्काने मागता येतात, सोबत मागता येत नाही. अमुक मुलाशेजारी बसा, असा हुकूम काढून कोणी बसत नाही. ते माणसांनी आपण होऊन करावे लागते. आणि वर्षानुवर्षे नेटाने करावयाचे तर त्यामागे संघटना हवी. सभासद आहेत, वर्गणी आहे, बैठक भरते, एक थकला तर दुसरा उभा राहतो. सॅक्रामेंटोच्या लोकांजवळ हे सारे पगारवाढीच्या लढ्यासाठी तयारच होते. त्यांनी ते याही कामाला लावले.

आपल्याकडे बंबवाल्यांचा मान कमी नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीचा स्फोट झाला आणि मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात मेलेल्यांची आठवण होते, ती व्हावयासच हवी. त्यातली एक दुपार वाचलेल्यांसाठी ठेवावी, एवढीच माझी सूचना आहे. गावातली, तालुक्यातली भाजलेली मुले एकत्र जमवावी. तलाव नको, होड्या नकोत. बंब दाखवावा, खाऊ द्यावा, खेळ खेळावे. आणि आपल्यात जे शिक्षक बसले आहेत त्यांनी असे मूल वर्गात परत येण्याच्या आदल्या दिवशी दहा मिनिटे आपल्या मुलांशी बोलावे. याला खर्च काहीच नाही.

ती मुलगी आज एकतीस वर्षांची आहे. घरी शिवणकाम करते, हात सफाईदार आहे. मागल्या वर्षी मी तिला या शिबिराविषयी सांगितले. ती मशीन थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, इतकं मोठं काही नको होतं. त्या दिवशी बाकावर कुणी बसलं असतं तरी मी दुसऱ्या दिवशी गेले असते." एवढे बोलून तिने पुन्हा मशीन चालू केले. मला उत्तर देता आले नाही.

आमच्या युनियनच्या मदतनिधीच्या वहीत आता एक रकाना वाढवला आहे. घरात मूल भाजले असेल तर बिले भागल्यावर पान बंद होत नाही. 'शाळेत जाते काय?' असा तो रकाना आहे, आणि दर सहा महिन्यांनी कोणीतरी घरी जाऊन तो भरावयाचा आहे. तोवर त्या पानाखाली रेघ मारावयाची नाही, असे ठरले आहे.