टेबलावरची असई

२३ सप्टेंबर १८०३. भोकरदनजवळच्या असईला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्लीची गाठ पडली. दुपारी तीनच्या सुमारास तोंड लागलं आणि दिवस मावळेपर्यंत निकालही लागला. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. तरी म्हातारपणी आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून तो असईचंच नाव घेई, असं सांगतात. नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळणाऱ्या वॉरगेमवाल्यांना असईची ओढ वाटते ती त्यामुळेच. मांडायला बसलं की मात्र आकडे घाम फोडतात.

वेलस्लीकडे सुमारे ७,००० माणसं. समोर १०,८०० कवायती पायदळ, निदान १०,००० इतर पायदळ, ३०,००० च्या वर घोडेस्वार आणि शंभरावर तोफा. एक बाहुली म्हणजे २० माणसं हा प्रचलित हिशोब धरला, तर वेलस्लीच्या वाट्याला ३५० बाहुल्या येतात आणि मराठ्यांच्या वाट्याला अडीच हजारांहून जास्त. त्यातले घोडेस्वारच १,५००. एकेक रंगवायला एक तास धरा आणि रोज दोन तास बसा: नुसतं घोडदळ उभं करायला दोन वर्षं जातील.

आता जमीन. रणांगणातला एक मीटर म्हणजे टेबलावरचा एक मिलीमीटर धरला की तीन किलोमीटरचं मैदान तीन मीटरच्या टेबलावर बसतं. पण त्यावर उभा राहणारा शिपाई असतो २८ मिलीमीटर उंच. म्हणजे त्या मापाने तो २८ मीटरचा, नऊ मजली इमारतीएवढा झाला! जमीनही त्याच्याच मापाची हवी असेल, तर टेबल ५० मीटर लांब लागेल. रुंदीचं तर विचारूच नका. दोन रांगांत उभ्या पलटणीची खोली प्रत्यक्षात दोन मीटरही नसते, आणि टेबलावर तिच्या बैठका चार सेंटिमीटर, म्हणजे ४० मीटर अडवतात. असई गावाची दोन-तीन घरं ठेवली की गाव संपलं.

वेळेचं गणित मला याहून अचाट वाटतं. एक चाल म्हणजे २० मिनिटं धरली, तर अख्खी लढाई नऊ चालींत आटोपते. कवायती शिपाई मिनिटाला तीन बार काढू शकायचा, आणि त्या काळच्या ब्रिटिश शिपायाजवळ साधारण ६० काडतुसं असत. म्हणजे ६०० जणांच्या पलटणीने सलग गोळीबार केला, तर एकाच चालीत तिची पेटी रिकामी होते. ३६,००० गोळ्या, आणि टेबलावर त्यांच्या जागी मूठभर फासे!

खरी गोम वेगळीच आहे. आकडे जसेच्या तसे मांडून खेळलं तर वेलस्लीने जिंकूच नये. पण त्या दिवशी मराठ्यांचं घोडदळ बहुतांशी बघत राहिलं. लढले ते शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या हाताखालचे कवायती पायदळवाले आणि गोलंदाज. वेलस्ली पिंपळगाव-वरूडजवळच्या नदीच्या उतारावरून बगलेवर येतोय हे कळताच पोलमनने अख्खी ओळ काटकोनात फिरवली. तेव्हा वेलस्लीही चकित झाला. म्हणून खेळ मांडणाऱ्याने त्या १,५०० बाहुल्यांतल्या बऱ्याचशा सरळ डब्यातच ठेवाव्यात, किंवा फाशावर सहा पडल्याशिवाय त्यांना हलू देऊ नये. दोन वर्षं रंगवलेलं घोडदळ शोभेला! मला विचाराल तर असईचा सगळा इतिहास या एका नियमात आहे.

इंग्रजांच्या बाजूलाही एक अडचण आहेच. वाट चुकून असई गावाच्या तोफांसमोर गेलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीतल्या सुमारे ५०० जणांपैकी ४०० मेले किंवा जखमी झाले. टेबलावर २५ बाहुल्यांतल्या २० उचलाव्या लागतात. एरवी निम्मी गेली की पलटण मोडली, असं धरायची पद्धत. ही मात्र उरलेल्या पाचांनिशी जागेवर टिकायला हवी. असा खास नियम स्कॉटिश पलटणीला दिला, तर मराठी गोलंदाजांनाही द्यायला हवा. तोफा काबीज करून इंग्रज पायदळ पुढे गेलं, तसे मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा त्यांनी शत्रूच्या पाठीवर डागल्या. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या खऱ्या, पण टेबलावर पाडाव झालेली तोफ लगेच उचलायची नाही. तिच्यापाशी चार बाहुल्या राखणीला ठेवायच्या. नाहीतर पुढच्या चालीला ती मागून उडालीच समजा.