कुंभातला कॅमेरा माणसं मोजणार की ओळखणार? भविष्याची भीती दाखवणाऱ्या विज्ञानकथा काय सांगतात

२ ऑगस्ट २०२७. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या पहिल्या अमृतस्नानाची ही तारीख. त्या दिवशी लाखो माणसं रामकुंडाच्या दिशेनं निघतील. या गर्दीवर लक्ष ठेवण्यासाठी एआयची मदत घेणार, असं सरकारनं आधीच सांगितलंय.

अशी बातमी आली की सोशल मीडियावर हमखास दोन गट पडतात. एक म्हणतो, "वा, आता चेंगराचेंगरी होणार नाही." दुसरा म्हणतो, "झालं, बिग ब्रदर आला!"

हा बिग ब्रदर आला कुठून? आणि नाशिकच्या कुंभाशी त्याचा काय संबंध?

डिस्टोपिया म्हणजे काय?

आदर्श राज्याला आपण रामराज्य म्हणतो. डिस्टोपिया म्हणजे त्याच्या बरोबर उलटं जग. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'वाईट जागा'. १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी ब्रिटिश संसदेत सरकारच्या आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना अशा अर्थाचा शब्द वापरला होता. पुढे विसाव्या शतकातल्या लेखकांनी या वाईट जागेत यंत्रं आणून बसवली.

ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९०९ च्या 'द मशीन स्टॉप्स' या कथेत माणसं जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात आणि पडद्यावरून एकमेकांशी बोलतात. एक दिवस यंत्र बंद पडतं, पण ते दुरुस्त करणं कोणालाच येत नसतं.

ऑल्डस हक्सले यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) लोकांना धाकात ठेवावं लागत नाही. त्यांना इतकं खूश ठेवलं जातं की प्रश्न विचारावासाच वाटत नाही.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४'मध्ये (१९४९) घराघरात 'टेलिस्क्रीन' असतो. तुम्ही त्याच्याकडे बघता आणि तोही तुमच्याकडे बघतो. नेमकं कधी बघतो, हे मात्र कळत नाही. सतत नजर ठेवणारा बिग ब्रदर याच कादंबरीतला.

या गोष्टींतलं यंत्र क्वचितच स्वतःहून दुष्ट असतं. ते कोणाच्या हातात आहे आणि त्याला 'नको' म्हणायची सोय आहे का, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडचा 'वामन'

मराठी विज्ञानकथेनंही या प्रश्नाला हात घातलाय. २०२१ च्या डिसेंबरमध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आलं नाही, पण विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ संमेलनाध्यक्ष होणं ही मोठीच गोष्ट होती.

त्यांची एक कादंबरी आहे 'वामन परत न आला'. तिच्यात जमिनीखाली एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या ज्ञानाच्या जोरावर माणसं एक अतिशय हुशार यंत्रमानव तयार करतात. त्याचं नाव वामन. पुढे त्याला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव बनवण्याचं ज्ञान हवं असतं, आणि तिथूनच धोका सुरू होतो.

पुराणातल्या वामनाची गोष्ट तर आपल्या घराघरात माहीत आहे. त्यानं बळीकडे फक्त तीन पावलं जमीन मागितली. बळीनं हो म्हटलं. मग ती पावलं एवढी मोठी झाली की बळीकडे काहीच उरलं नाही. तंत्रज्ञानाचंही असंच होऊ शकतं. परवानगी एका छोट्या कामाची असते, पण वापर हळूहळू वाढत जातो.

मग कॅमेरे नकोतच का?

असं म्हणणं सोपं आहे, पण नाशिकला ते परवडणारं नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. गर्दी कुठे तुंबतेय हे वेळेत कळलं, तर माणसं वाचू शकतात.

त्यामुळे तंत्रज्ञान हवं की नको, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणतं तंत्रज्ञान, हे विचारायला हवं. याचं एक चांगलं उत्तर खुद्द नाशिकमध्येच सापडतं.

२०१५ च्या कुंभाआधी नाशिकमध्ये 'कुंभथॉन' हा उपक्रम झाला. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधले, मूळचे नाशिकचे शास्त्रज्ञ रमेश रास्कर यांचा त्यात पुढाकार होता. त्यातूनच 'आशिओतो' हे साधन पुढे आलं. तेव्हा शाळेत असलेल्या निलय कुलकर्णीनं सहकाऱ्यांसोबत ते तयार केलं आणि पुढे टेडच्या मंचावरून त्याची गोष्ट सांगितली. आशिओतो हा जपानी शब्द आहे, अर्थ पावलांचा आवाज.

यात रस्त्यावर सेन्सर बसवलेली एक चटई अंथरतात. तिच्यावर पाऊल पडलं की दाब नोंदला जातो आणि त्यावरून किती लोक पुढे गेले, याचा हिशेब मिळतो. कुंभात १८ तासांत ५ लाखांहून जास्त लोकांची मोजणी या पद्धतीनं झाली.

ही चटई माणसं मोजते, त्यांना ओळखत नाही. तुमचं नाव, चेहरा, जात, गाव यातलं काहीही तिला कळत नाही. गर्दी सांभाळायला ते कळण्याची गरजही नसते. चेहरा ओळखणारा कॅमेरा तेच काम करतो, पण सोबत कोण, कधी, कुणाबरोबर आलं होतं याचीही नोंद ठेवू शकतो. मोजण्याकडून ओळखण्याकडे जाणं हेच वामनाचं पुढचं पाऊल.

म्हणजे यंत्र कसं बनवायचं, हे माणसंच ठरवतात. २०२० मध्ये कोरोनाकाळात रास्कर यांच्याच गटानं 'सेफ पाथ्स' हे ॲप पुढे आणलं. त्यात माणूस कुठे कुठे गेला याची माहिती सरकारी सर्व्हरवर न जाता त्याच्याच फोनमध्ये राहावी, असा विचार होता.

नुसत्या कॅमेऱ्यांनी भागतं का?

नाही. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात सुमारे २,७०० कॅमेरे होते, त्यातले काहीशे एआयवाले. तरीही २९ जानेवारीला, मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. सरकारनं त्या दिवशी ३० मृत्यू जाहीर केले. यंत्रानं इशारा दिला, तरी रस्ता मोकळा करायला, गर्दी वळवायला आणि वेळेत निर्णय घ्यायला माणूसच लागतो.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी सरकारी यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. त्यामुळे कायदा आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

आपण काय विचारायचं?

कुंभ असो वा तुमच्या चौकातला कॅमेरा, चार प्रश्न पुरेसे आहेत.

१. हा कॅमेरा मोजतो की ओळखतो?
२. चित्रण किती दिवस ठेवणार आणि ते कोण बघू शकणार?
३. मेळा संपल्यावर हेच कॅमेरे कशासाठी वापरणार?
४. यंत्रानं चुकीचा माणूस पकडला, तर दाद कुठे मागायची?

ऑर्वेलच्या नायकाला हे प्रश्न विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे. माहितीचा अधिकार आहे, नगरसेवक आहेत, आमदार आहेत, आणि हो, कमेंट बॉक्सही आहे. कॅमेरे बसल्यावर "बिग ब्रदर आला" म्हणण्यापेक्षा, ते बसायच्या आधी हे विचारलेलं बरं.