देव सोबत आहे, म्हणजे काय?



नाताळ जवळ आला की वसईत निर्मळ, गास, नंदाखाल, भुईगाव या गावांतून घरोघरी गोठे सजतात. पेंढा, गाईगुरं, मेंढपाळ आणि मधोमध बाळ येशू. आमच्या बचत गटांत ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम, आदिवासी अशा सगळ्याच भगिनी आहेत आणि गोठा बघायला सगळ्याच जातात. मग कोणीतरी विचारतंच, "देव म्हणता, आणि त्याला गुरांच्या गव्हाणीत का ठेवता?" आज आपण त्यावरच बोलू.

बायबलमध्ये येशूला एक नाव दिलं आहे, इम्मानुएल. मूळ शब्द हिब्रू भाषेतला. अर्थ सोपा आहे : देव आमच्यासोबत. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात हे नाव येतं. पुढे मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माच्या वेळी ते पुन्हा येतं. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो, की जगाच्या अंतापर्यंत मी तुमच्याबरोबर राहीन. देव वरून बघत बसत नाही, गरिबाच्या घरी गरीब होऊन येतो, अशी ही श्रद्धा आहे. म्हणून गव्हाण.

ही श्रद्धा येशूच्याही आधीची आहे. इस्राएली लोक मिसर देशातली गुलामी सोडून रानावनातून चालले होते. राहायला तंबू. तेव्हा देवाचं स्थानही तंबूतच होतं. मुक्काम हलला की तो तंबू उतरवायचा, उचलायचा आणि पुढे न्यायचा. आपल्या पालघर जिल्ह्यातून वीटभट्टीवर संसार घेऊन जाणाऱ्या बायांना हे समजावून सांगावं लागत नाही. माणसं वाटेवर, तर त्यांचा देवही वाटेवर.

आपल्या गावच्या चर्चमध्ये गेलात तर वेदीच्या बाजूला एक छोटी पेटी आणि तिच्याजवळ तेवता दिवा दिसेल. त्या पेटीत परमप्रसाद ठेवलेला असतो. त्यात ख्रिस्त स्वतः हजर आहे, असं कॅथलिक लोक मानतात. दिवा त्याचीच खूण. ज्यांना अंथरुणावरून उठवत नाही, त्यांच्या घरी हा परमप्रसाद नेतात.

सोबत राहायचं तर भाषाही आपली हवी. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ साली येशूची कथा ओवीत छापली. तेच 'ख्रिस्तपुराण'. मिस्सा मात्र पुढेही कितीतरी काळ लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि त्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं, तेही आपल्या माणसांना वाचता यावं म्हणूनच.

आता अवघड प्रश्न. देव सोबत आहे, तर मग तरुण मुलगा अपघातात का जातो? पुराचं पाणी घरात का शिरतं? बैठकीत हा प्रश्न आला की सगळ्या गप्प होतात. संकट येणारच नाही, असं ख्रिस्ती धर्म सांगत नाही. खुद्द येशू क्रुसावर असताना, देवा, तू मला का टाकलंस, असा टाहो फोडतो.  म्हणून रडणारीची श्रद्धा कमी पडली, असं कोणी म्हणू नये. दुःखातही देव तिला सोडून गेलेला नाही, एवढंच ही श्रद्धा सांगते.

आपल्या वारकरी मैत्रिणींना जनाबाई आठवेल. विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसला, असं सांगतात. त्यानं जातं नाहीसं केलं नाही, खुंट्याला हात लावला. दोन्ही धर्म वेगळे, पण हा हात ओळखीचा वाटतो.

ख्रिस्ती शिकवण पुढे हेही सांगते, की भुकेल्याला जेवू घातलंत, आजाऱ्याला भेटलात, तर ते मलाच केलंत, असं येशू म्हणतो. म्हणजे देवाची सोबत पुष्कळदा शेजारणीच्या पायांनी घरात येते.

तेव्हा गटातल्या एखाद्या ताईवर दुःख कोसळलं तर "देवाची इच्छा" म्हणून लगेच उठू नका. जवळ बसा. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तरी बसा. दोघी-दोघींनी पाळी लावून तिच्या घरचं पाणी भरा, चूल पेटवा, मुलांना शाळेत सोडा. तिचा हप्ता थकणार असेल तर बैठकीत ठराव करून मुदत वाढवा आणि तो इतिवृत्तात लिहा, म्हणजे तिला दर वेळी हात जोडावे लागणार नाहीत. महिना उलटला की येणारे-जाणारे कमी होतात. तेव्हा मात्र नक्की जा.

आजच्या बोलण्यावर तुमच्या गटात चर्चा करा.