नवे-जुने

नवी वही उघडली की पहिल्या पानावर मधोमध ‘श्री’ लिहायचे, हळदकुंकू वाहायचे आणि पुढच्या पानावर मागील बाकी ओढायची, ही आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची जुनी रीत. आता हिशेब संगणकात गेले, तरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार त्या यंत्रालाही कुंकवाचे बोट लावतोच. मला या रीतीत मौज वाटत आली ती दुसऱ्या पानाची. पहिल्या पानावर देव आला म्हणून दुसऱ्या पानावरची बाकी पुसली जात नाही. ज्यांनी ही रीत पाडली ते मोठे व्यवहारी लोक असले पाहिजेत.

आयुष्याच्या वहीत मात्र आपण हा व्यवहारीपणा विसरतो. पाडवा, दसरा, साठी, मोठ्या दुखण्यातून उठणे, असे काही निमित्त झाले की आपण नव्याने सुरुवात करायची ठरवतो आणि त्यात देवाला बोलावतो. बोलवावेच. मी स्वतः देव मानतो, आणि केवळ मनाच्या निर्धारावर माणूस फार लांब जात नाही, असे माझे मत आहे. प्रश्न एवढाच की, देवाला कोणत्या नात्याने बोलवायचे? बहुतेक जण त्याला जामीनदार म्हणून बोलावतात. म्हणजे कर्ज आपले, आणि फेडायची वेळ आली की त्याने पुढे व्हायचे.

खेड्यातल्या बँकेत ज्यांचा जन्म गेला त्यांना ‘नवे-जुने’ हा शब्द सांगावा लागत नाही. मार्चअखेर जवळ आली की थकलेला कर्जदार सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलतो, बँकेचे जुने कर्ज भरतो, लगेच नवे कर्ज काढतो आणि सावकाराचे पैसे व्याजासह परत करतो. कागदावर सगळे नवे, कोरे. प्रत्यक्षात जुने कर्ज जिथल्या तिथे, शिवाय सावकाराच्या चार दिवसांच्या व्याजाची भर. आमच्यासारखे अधिकारीही वसुलीचा आकडा बरा दिसतो म्हणून खूश. आपले पुष्कळसे संकल्प याच जातीचे असतात. देवाच्या नावाने ते केले, तरी नवे-जुनेच.

हे सगळे मला टेंभुर्णीच्या चौकात नेहमी आठवते. पुणे-सोलापूर महामार्गावरचे हे माढा तालुक्यातले गाव. इथून एक रस्ता पंढरपूरला फुटतो, दुसऱ्या बाजूने करमाळ्याचा रस्ता येऊन मिळतो. आषाढी जवळ आली की टाळ, पताका आणि उसाच्या बिलातून घेतलेल्या मोटारी एकाच चौकातून वाट काढतात. 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले आणि या कोरडवाहू मुलखाचे रूप पालटले. ऊस आला. उसाबरोबर एकरकमी पैसा आला, आणि हातात रक्कम खुळखुळू लागली की जे जे येते तेही आले. महामार्गावर बसायला जागांची वाण नव्हतीच.

अशा वेळी या भागातला माणूस नव्याने सुरुवात करतो तो एका ठरलेल्या रीतीने. तो माळ घालतो. एखाद्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू बंद, मटण बंद, एकादशी सुरू, वारी सुरू. शहरातल्या वाचकाला हे कर्मकांड वाटेल. पण त्यातली योजना पाहण्यासारखी आहे. मनातल्या मनात केलेला निश्चय मोडला तर कुणाला कळत नाही; गळ्यातली माळ मात्र सगळ्या गावाला दिसते. जुना मित्र पेला पुढे करता करता थांबतो. काही वेळा तर विकणाराच म्हणतो, “माऊली, तुम्ही नको.” यात देव किती आणि गावाची लाज किती, असे मला एका सुशिक्षित स्नेह्याने विचारले होते. मला ते वेगळे करता येत नाही, आणि करायची गरजही वाटत नाही.

आमच्या एका शाखेत असाच एक बागायतदार आला. पीककर्ज थकलेले, पाइपलाइनचे कर्ज थकलेले. समोर बसला आणि शर्टाच्या कॉलरमधून माळ बाहेर काढून दाखवली. “साहेब, सोडली. आता देवच पाठीशी हाय.” त्याचे डोळे खरे बोलत होते. माळेला तारणमूल्य नसते, एवढे मी त्याला हसत सांगितले. त्याची बायको दाराशी उभी होती. ती पुढे आली. “माळ घातली ते बरं केलं, साहेब. पर माझं डोरलं अजून सावकाराकडं हाय, ते देवाला म्हाईत हाय का, एवढं इचारा त्यास्नी.”

तो गप्प झाला. खरे सांगायचे तर मीही झालो. वहीचे दुसरे पान तिने उघडून दाखवले होते.

तुकोबांची गोष्ट इथे पाहावी. 1630 च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतरच्या त्यांच्या नव्या आयुष्याची सुरुवात परंपरा कशी सांगते? घरात सावकारीची खते होती. धाकट्या भावाने, कान्होबाने, आपल्या वाट्याची खते मागून घेतली, त्यालाही संसार होता. आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. बँकेच्या माणसाला यातला बारकावा लगेच दिसतो. बुडवलेली खते लोकांकडून येणे असलेल्या रकमांची होती. देणे बुडवले नाही, येणे सोडले. आणि भावाच्या वाट्याला हात लावला नाही. आपण नेमके उलटे करतो. देवाच्या दारात जाऊन आपले देणे माफ करून घ्यायला बघतो आणि येणे मात्र, मग तो पैसा असो की जुना राग, कनवटीला घट्ट बांधून ठेवतो.

सातासमुद्रापलीकडेही हेच सापडते. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांत देव आहे, ज्याला जसा उमगेल तसा. पण देवाच्या स्वाधीन झाल्यावर काम संपत नाही. पुढच्या पायऱ्यांवर ज्यांना ज्यांना आपण दुखावले त्यांची यादी करायची आणि शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई करायची असते. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून तिथेही व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांचा विचार होत आला आहे. देवापर्यंतचा रस्ता घरातूनच जातो, हे सगळ्यांनाच उमगलेले दिसते.

नाहीतर टेंभुर्णीहून सोलापूरकडे जाताना महामार्गाजवळ अरण लागते, तिथे जावे. सावता माळ्याचे गाव. पंढरपूर इतके जवळ, पण सावतोबा मळा सोडून गेले नाहीत. पाणी देता देता, भाजी काढता काढता त्यांनी विठ्ठल पाहिला, असे सांगतात. त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. काम करणाऱ्याने काम सोडले नाही, तर देवालाच यावे लागते!

त्या बागायतदाराची माळ मध्ये एकदा उतरली होती. त्याने स्वतःच ती काढून खुंटीला टांगली, पंधरा दिवस पीत राहिला, आणि मग पुन्हा महाराजांकडे जाऊन घालून घेतली. गावात हसू झाले. पुढच्या हंगामात उसाचे बिल आले, तेव्हा तो बँकेत यायच्या आधी बायकोला घेऊन सावकाराकडे गेला. वसुलीच्या दृष्टीने मला हे आवडायचे कारण नव्हते. डोरले हातात पडल्यावर ती बाई रडली असेल, असे मला वाटले होते. पण तो सांगत होता की तिने ते गळ्यात घातलेच नाही. आधी सोनाराकडे नेले आणि वजन करून घेतले.

भरले बरोबर. मग दोघे माझ्याकडे आले, उरलेल्या पैशांतून एक हप्ता भरला आणि पावती तिने मागून घेतली. बँकेची बाकी अजून पुष्कळ होती.