घशातला जंतू कोणत्या गटाचा?

मुलाचा घसा दुखू लागला की पालक माझ्याकडे ‘स्ट्राँग गोळी’ मागतात. खरे तर बहुतेक वेळा घसा विषाणूंमुळे दुखतो व आपोआप बरा होतो. मात्र काही मुलांच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतू असतात. रिबेका लान्सफील्ड या शास्त्रज्ञ महिलेने १९३३ साली त्यांचे गट पाडले. त्यांतील ‘ए’ गटाकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे र्‍हुमॅटिक फीवर होऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात.

गट कसा ओळखायचा? घशातील स्राव काडीवर घेऊन प्रयोगशाळेत रक्तमिश्रित माध्यमावर जंतू वाढवतात. या कल्चरला १-२ दिवस लागतात. वाढलेल्या जंतूंचा गट बॅसिट्रॅसिनच्या चकतीने ठरवायचा तर आणखी एक रात्र जाते. लॅटेक्स चाचणीत कणांच्या गुठळ्या पाहून तो तासाभरात कळतो. पट्टीच्या चाचणीत तर जंतू वाढवावेच लागत नाहीत. स्रावावरूनच ५-१० मिनिटांत ‘ए’ गट आहे की नाही ते समजते.

पट्टीने ‘आहे’ म्हटले तर सहसा विश्वास ठेवावा. ‘नाही’ म्हटले तर मुलांच्या बाबतीत कल्चर करून खात्री करावी, कारण जंतू थोडे असल्यास ते पट्टीला सापडत नाहीत. दोन दिवस थांबल्याने बिघडत नाही. दुखणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू केले तरी र्‍हुमॅटिक फीवर टाळता येतो. गोळ्या मात्र पूर्ण १० दिवस घ्याव्यात. आणि तपासणीआधी घरात उरलेली अँटिबायोटिक गोळी मुलाला देऊ नये, तपासणी फसते.